पट्टी कोणाच्या गळ्याची?

नाताळ जवळ आला की धर्मग्रामांतून गायनाचा सराव सुरू होतो, आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. गायकवृंदात कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. ज्याला गाता येते त्याने गावे, ज्याला येत नाही त्याने ऐकावे, असे म्हणून तो मिटवताही येतो. परंतु आमच्या मते तो मुळात नैतिक प्रश्न आहे. देवापुढे जे गायचे ते सुंदर असावे की सर्वांचे असावे? दोन्ही एकाच वेळी साधत नसेल, तर त्याग कशाचा करावा? ह्या प्रश्नाशी आमची ओळख कोणत्याही ग्रंथातून झाली नाही. ती वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, एका जुन्या पेटीच्या साक्षीने झाली. आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

१९८० नंतरची ती पहिली काही वर्षे. परभणी जिल्ह्यातील एका गावी आम्ही पाच मित्र वाढत होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तिचा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी संथपणे परभणी-पूर्णेकडे जाई, आणि तिच्या शिट्टीवर आमच्या सरावाची वेळ ठरे. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झालेला, म्हणजे वयाने आमच्याहूनही लहान. गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. मिशनच्या आवारातील कडुनिंबाखाली एक सतरंजी, तिच्यावर फादरांनी दिलेली पेटी, एक तबल्याची जोडी, दोन टाळ आणि एक खंजिरी एवढा आमचा संसार. वीज गेली की कंदील लावायचा. पण वीज गेली म्हणून सराव थांबल्याचे स्मरत नाही.

त्या संध्याकाळचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. एकाने पेटीवर सूर धरावा, दुसऱ्याने हातोडीने तबल्याचे गठ्ठे ठोकून तो त्या सुराशी जुळवावा, आणि जुळल्याचा क्षण पाचही जणांना न बोलता कळावा! घरी अर्धपोटी असणारी, शाळेत शेवटच्या बाकावर बसणारी मुले आम्ही. पण त्या सतरंजीवर बसलो की आपण कोणीतरी आहोत असे वाटे. डिसेंबरच्या थंडीत ज्वारीच्या शेतांमधल्या पायवाटेने एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर नाताळगीते गात जाताना पेटी डोक्यावर घ्यावी लागे. ती नेहमी एकच जण घेई. तो आमच्यात वयाने वर्षा-दीड वर्षाने मोठा, म्हणून आम्ही त्याला 'थोरला' म्हणत असू.

थोरल्याला सर्व गीतांची सर्व कडवी पाठ होती. सरावाला तो सर्वांच्या आधी येऊन सतरंजी झाडून ठेवी. परंतु त्याचा आवाज सुरात लागत नसे. वरच्या स्वराला गेला की तो फाटे, मध्येच घोगरा होई, आणि आम्ही चौघे एकमेकांकडे पाहून हसत असू. तोही हसे.

एकदा तो वडिलांची हलगी घेऊन आला. त्याचे वडील लग्नाकार्यात, मिरवणुकीत हलगी वाजवत. थोरल्याने पऱ्हाट्यांचा जाळ केला, हलगीचे कातडे शेकून ताठ केले, आणि एका हातात टिपरू व दुसऱ्यात बारीक काडी घेऊन आमच्याच एका नाताळगीताला असा ठेका दिला की आमचे पाय जागच्या जागी हलू लागले. लयीत तो आम्हा सर्वांहून श्रेष्ठ होता, हे त्या रात्री निर्विवाद कळले. तरीही आम्ही त्याला म्हणालो, "चर्चमधी हलगी शोभत नाही." त्याने काही न बोलता हलगी धोतराच्या फडक्यात गुंडाळली. का शोभत नाही, हे त्याने विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. आज उत्तर स्पष्ट दिसते. हलगीचा आवाज उठला की आमच्या वाडवडिलांची वेशीबाहेरची जागा गावाला आठवेल, ही भीती आमच्या मनात होती. पेटी आम्हांला वर नेत होती; हलगी खाली ओढील असे वाटत होते. ज्या लाजेतून मुक्त होण्यासाठी आमच्या आजोबांनी प्रभूचा हात धरला, तीच लाज आम्ही वेदीपर्यंत नेली होती.

पुढे जवळच्या एका मोठ्या गावी नाताळगीतांची स्पर्धा ठरली. आम्ही चौघांनी थोरल्याला वगळून बैठक घेतली. तो आला तर बक्षीस जाईल, ह्यावर एकमत झाले. परंतु तोंडावर सांगण्याचे धैर्य एकातही नव्हते. शेवटी आमच्यातील सर्वांत धाकट्याला पुढे करून निरोप दिला की जीपमध्ये जागा नाही. आदल्याच संध्याकाळी पेटीच्या भात्याला चीर गेली होती. थोरल्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, पंक्चर काढायच्या सोल्युशनने तो आतून चिकटवून दिला होता. त्या पेटीवर आम्ही गायलो, आणि पहिले आलो. जीपमध्ये मागच्या बाकावर जागा रिकामी होती. वाटेत फादरांनी विचारले, "थोरला का नाही आला?" आम्ही म्हणालो, "त्याच्या घरी काम आहे." एक असत्य कधी एकटे राहत नाही, त्याला सोबत लागते.

थोरला त्यानंतर मिस्साला येत राहिला. पण मागे, दाराजवळ बसू लागला. गीत सुरू झाले की त्याचे ओठ मिटलेले असत. सतरंजी झाडायला तो पुन्हा आला नाही.

वाचक म्हणतील, पोरवयातील अशी एखादी गोष्ट कोणाच्या आयुष्यात नसते? खरे आहे. पण तिच्यातून निघणारा प्रश्न पोरवयाचा नाही. ख्रिस्तसभेच्या थोर विचारवंतांनाही संगीताने अडचणीत टाकले आहे. संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथाच्या दहाव्या भागात ह्या अडचणीची प्रांजळ चर्चा केली आहे. मिलान शहरी ख्रिस्तमंदिरातील गायन ऐकून त्यांच्या डोळ्यांना अश्रू आले होते, आणि तरीही, ज्या वेळी शब्दांच्या अर्थापेक्षा सुराची गोडीच मनाला अधिक हलवते, त्या वेळी आपण पाप करतो असे त्यांना वाटे. अलेक्झांड्रियाचे संत अथनासियस हे स्तोत्र म्हणणाऱ्याला इतका कमी चढउतार करायला लावत की ते गायनापेक्षा वाचनच वाटावे, ह्याचीही त्यांनी आठवण दिली आहे. अखेर दुर्बल मनांना भक्तीकडे नेण्यास गायन उपकारक आहे, ह्या बाजूला त्यांचा कल झाला. परंतु मनातील द्वंद्व त्यांनी झाकले नाही.

ऑगस्टीन ह्यांची भीती अशी की सूर माणसाला देवापासून दूर नेईल. आमच्या बाबतीत मात्र सुराने देवापासून थेट दूर नेले नाही. त्याने मित्रापासून दूर नेले, आणि त्या वाटेने देवापासून. संत पौल ह्यांनी करिंथकरांना लिहिताना वाद्याचाच दृष्टान्त दिला आहे: प्रीती नसेल तर देवदूतांची भाषा बोलणाराही केवळ वाजणारी झांज होय. हा उतारा आम्ही कित्येकदा वाचला होता, आणि तो वाचताना हातात झांजच असे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 'सर्वांना घ्या' असे म्हणणे सोपे आहे; पण त्याच्या आडून आळस आत शिरतो. देवाचे काम आहे, कसेही चालेल, देव भाव पाहतो, असे म्हणत सराव न करता उभे राहणारे गायकवृंद आपण पाहिले आहेत. जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याने आंधळी-लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना खडसावले आहे, ते अशाच वृत्तीसाठी. जे माणसाच्या सत्कारालाही आपण देणार नाही, ते देवाला कसे द्यावे? तेव्हा सुंदर गाण्याचा आग्रह हा गर्वच असतो असे मुळीच नाही. तो कष्टाचा, आणि म्हणून प्रेमाचा, एक प्रकार असू शकतो.

परंतु सौंदर्याचा आग्रह माणसाच्या किमतीवर उभा राहिला, तर तो कोठवर जातो, ह्याची साक्ष ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या इतिहासात आहे. मुलाचा कोवळा, उंच स्वर वयात येताना फुटू नये म्हणून त्याला खच्ची करण्याची अघोरी प्रथा इटलीत काही शतके होती, आणि अशा गायकांना रोमच्या ख्रिस्तमंदिरांतून मान होता. ह्या परंपरेतील शेवटचे प्रसिद्ध गायक अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली निवर्तले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर आजही ऐकता येतो. संत पोप पायस दहावे ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले आणि उंच स्वरांसाठी मुलांचेच आवाज घ्यावेत असे ठरवून दिले. एवढ्या मोठ्या अन्यायाशी आमच्या जीपमधील रिकाम्या जागेची तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही दोहोंचे बीज एकच: स्वर हवा, माणूस नको.

ह्या गोष्टीत एक सत्य आमच्यासाठी दडलेले होते, ते पुष्कळ उशिरा उमगले. वयात येताना मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. ह्या काळात आवाज फाटतो, घसरतो, ताब्यात राहत नाही. थोरला नेमका त्या अवस्थेत होता. आमचा मुख्य गायक तेरा वर्षांचा, न फुटलेल्या आवाजाचा. त्याच्यासाठी आम्ही पेटीवर काळी चार ही पट्टी धरत असू. ती थोरल्याच्या गळ्यात बसणारच नव्हती. आम्ही कोणीही कधी काळी एक धरून त्याला गाऊन पाहू दिले नाही. म्हणजे बेसूर तो नव्हता. आम्ही निवडलेली पट्टी त्याची नव्हती. त्याच्या गळ्याचा तो दोष ठरवला, कारण पट्टी ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे होता. दीड वर्षाने आमच्या मुख्य गायकाचाही आवाज फुटला, आणि त्या नाताळात आमची चौकडी गाऊच शकली नाही.

समाजातही असेच घडते, नाही का? एका विशिष्ट घराची, जातीची, शिक्षणाची पट्टी आधी ठरते, आणि मग जो तिच्यात बसत नाही त्याला बेसूर म्हटले जाते. ज्या पेटीला आम्ही हलगीहून कुलीन समजत होतो, तिची स्वतःची कथाही ह्याहून वेगळी नाही. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ ह्यांनी घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवत वाजवण्याजोगे रूप दिले. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिचे स्वर ठरलेले, तिच्यावर मींड येत नाही, ती परकी आहे, असे आक्षेप होते. सुमारे तीन दशके ती रेडिओच्या दाराबाहेर राहिली. दारातून परतवलेले वाद्य घेऊन आम्ही दुसऱ्या एका वाद्याला दारातून परत पाठवले! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या उपासनाविषयक प्रबंधात दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिचा आदर व्हावा. आणि दुसरी, गायकवृंद जोपासावेत, पण सर्व भाविकांचा गायनातील सहभाग हिरावला जाऊ नये. आमच्या हलगीसाठी आणि थोरल्याच्या गळ्यासाठी दार आमच्या जन्माआधीच उघडले गेले होते. आम्हीच ते लोटून घेतले.

गाण्याचा खरा धर्म कोणता, हे शिकायला आम्हांला दूर जाण्याचीही गरज नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या गंगाखेडला संत जनाबाईंचा जन्म झाला. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी ती स्त्री. तिच्यासोबत पांडुरंग स्वतः जाते ओढू लागला, अशी श्रद्धा महाराष्ट्र शतकानुशतके जपत आला आहे. ह्या कथेकडे ख्रिस्ती मनाने पाहिले तरी तिचा अर्थ हृदयाला भिडतो. देव गाणे ऐकायला उच्चासनावर बसत नाही. तो खुंट्याला हात लावतो. जात्यावरच्या ओवीला परीक्षक नसतो. समोरासमोर बसलेल्या दोघी आपल्या गळ्याच्या पट्टीत गातात, एकीची ओळ संपली की दुसरी उचलते, आणि दोघींचा हात एकाच खुंट्यावर असल्याने लय आपोआप एक होते. गी पॉयटव्हॅन आणि हेमा राईरकर ह्यांनी अनेक सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्याच जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांच्या ओव्या आहेत. वनात एकट्या पडलेल्या सीतेचे दुःख त्यांनी गायले आहे. ते ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांचा आवाज 'चांगला' आहे की नाही, हा विचार मनात येतच नाही. एक माणूस आपल्यासमोर आपले जीवन ठेवत आहे, एवढेच जाणवते.

आणि आमच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी तर मित्रांनी मिळून गायलेले एक गीत आहेच. मत्तय व मार्क ह्या दोन्ही शुभवर्तमानकारांनी ते एका वाक्यात नोंदवले आहे: शेवटचे भोजन आटोपल्यावर स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. प्रभू येशू गायले, असे सूचित करणारा शुभवर्तमानांतील हा बहुधा एकच प्रसंग. कोणाबरोबर गायले? काही तासांत झोपी जाणाऱ्यांबरोबर, पळून जाणाऱ्यांबरोबर, कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणाऱ्या पेत्राबरोबर. ह्यांच्यापैकी कोणाचे जीवन त्या रात्री सुरात होते? तरीही प्रभूने म्हटले नाही की, 'तुम्ही थांबा, मी एकटाच गातो. ते अधिक शुद्ध होईल.' पित्याला अर्पण केलेले ते स्तोत्र बेसूर मित्रांच्या आवाजांसह वर गेले. आम्ही वगळतो, तेव्हा आम्ही प्रभूहून अधिक कठोर परीक्षक होऊन बसतो.

ह्यावरून आमचे मत असे बनले आहे की, 'सुंदर की सर्वांचे' हा पर्याय बहुधा खोटाच असतो. सूर ही एका गळ्याची मालमत्ता नाही. तो दोघांमधील संबंध आहे. एकटा स्वर सुरातही नसतो आणि बेसूरही नसतो. दुसरा स्वर शेजारी आला की मगच ते ठरते. म्हणून सुरात असण्याची पहिली अट ऐकणे ही आहे, आणि आम्ही चौघे थोरल्याला ऐकत नव्हतो. त्या अर्थाने बक्षीस मिळवणारे आम्हीच बेसूर होतो. कष्ट घ्यावेत, सराव करावा, चुकीला चूक म्हणावे; पण त्या कष्टांत पहिला कष्ट हा की सर्वांना पेलेल अशी पट्टी शोधावी. एखाद्याला खरोखरच गाता येत नसेल, तर त्याच्या हाती लय द्यावी, वाद्य द्यावे. आणि तरीही कोणाला थांबवणे भाग पडले, तर ते सत्य सांगून, समोर बसून, त्याचा हात हातात घेऊन सांगावे. जीपमधील जागेचे निमित्त करू नये.

कित्येक वर्षांनी थोरल्याचे वडील वारले. पोटापाण्यासाठी तो पुण्याकडे गेला होता, तो मातीसाठी गावी आला. आम्हीही गेलो. दफनविधीनंतर त्याच्या ओसरीवर बसलो असताना भिंतीला हलगी टांगलेली दिसली. वेदीवर दान नेण्याआधी भावाशी समेट करण्याची प्रभूची आज्ञा आम्ही फार काळ टाळली होती. त्या दिवशी धीर करून म्हणालो, "त्या वेळी आम्ही तुझ्याशी खोटं बोललो होतो."

तो थोडा हसला. म्हणाला, "जीपमधी जागा व्हती, ते मला तवाच ठाव व्हतं." मग जरा थांबून त्याने विचारले, "भाता टिकला का पण गाणं सरस्तोवर? तेवढं इचारायचं राहून गेलं व्हतं."

आम्हांला उत्तर देता आले नाही. आमच्या गीताला ज्याने श्वास दिला होता, त्याला एवढी वर्षे काळजी होती ती आमच्या गीताची. क्षमा मागायला गेलेले आम्ही क्षमा आधीच झालेली पाहून परतलो. आणि अशी क्षमा पेलायला अधिक जड असते, हे तेव्हा कळले.

आता आमच्या गावी पेटी दुसऱ्या मुलांच्या हाती आहे. सराव सुरू होण्याआधी आम्ही त्यांना एकच सूचना करतो. आधी सर्वांना एक एक ओळ गाऊ द्या, कोणाचा गळा कोठवर जातो ते ऐका, आणि मगच पट्टी ठरवा. मुलांना ही म्हाताऱ्यांची कटकट वाटते. गेल्या नाताळात त्यांनी पट्टी काळी एकपर्यंत उतरवली. दाराजवळ बसलेली काही माणसेही त्या रात्री गात होती.